फळीवरचा वेग आणि आईचं काळीज

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टांची यादी आपल्या प्रत्येकीच्या मनात तयार असते. आधी सायकल, मग मोबाइल, मग मित्रमैत्रिणींबरोबर सहल आणि दहावीचा निकाल लागला की गाडी. कोणत्या हट्टाला काय उत्तर द्यायचं, तेही बहुतेक ठरलेलं असतं. पण कधी कधी घरात अशी एखादी वस्तू येते, की तिचं नावच आपल्याला धड ठाऊक नसतं; मग उत्तर कुठून आणायचं? यंदाच्या जानेवारीत आमच्याकडे अशीच एक वस्तू पाहुणी म्हणून आली आणि चार दिवसांत तिनं माझ्या डोक्याला भलतंच काम लावलं. ती वस्तू म्हणजे विजेवर पळणारा स्केटबोर्ड.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात असलं काही यायचं नाही, आम्हाला काय त्याचं? खरं आहे. आमचं लोणी देवकरही काही पुणं-मुंबई नव्हे. इंदापूरच्या अलीकडे, पुणे-सोलापूर महामार्गाला लागून असलेलं हे गाव. आजूबाजूला उसाचे फड, उत्तरेकडे उजनीचं पाणी आणि जवळच औद्योगिक वसाहत. मी बी.ए. झालेली, सकाळचा स्वयंपाक, डबे उरकून जवळच्या शाळेत तासिकांवर मराठी आणि इतिहास शिकवते. थोरली मुलगी दहावीला, धाकटा सहावीला. म्हणजे तुमच्यासारखंच घर. पण त्या फळीनं मला जे शिकवलं, ते तुमच्या अंगणात चार्जिंगला लावलेल्या स्कुटीलाही तितकंच लागू आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

झालं असं, की माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. जोडून सुट्टी आली म्हणून तो मामाच्या घरी आला. गाडीच्या डिकीतून त्यानं ती वस्तू काढली. चार चाकं लावलेली एक लांबोडकी फळी, खाली चपटा डबा आणि हातात मावेल एवढं एक यंत्र. सासूबाई ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "आरं, पोळपाटाला चाकं लावल्यात का काय?"

भाचा हसून हसून पुरेवाट झाला. मग त्यानं समजावून सांगितलं. खालच्या डब्यात मोबाइलमध्ये असते तशीच, पण बरीच मोठी लिथियमची बॅटरी असते. मागच्या चाकांना मोटर जोडलेली असते. हातातल्या यंत्रावर अंगठ्यानं फिरवायची एक चकती. पुढे फिरवली की फळी पळते, मागे ओढली की तीच मोटर ब्रेकचं काम करते. वळायचं असेल तर अंगाचा भार त्या बाजूला टाकायचा. ना हँडल, ना सीट, ना पायाखाली ब्रेकचा खटका. "आणि पळते किती?" मी विचारलं. "माझी ताशी चाळीसपर्यंत जाते, मामी. याहून वेगवान पण मिळतात." मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. चाळीस म्हणजे आमच्या यांच्या मोटारसायकलचा गावातला वेग! तोही उभ्यानं, हाताला धरायला काही नसताना!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात निघाली औद्योगिक वसाहतीकडे. सुट्टीमुळे तिथले रुंद डांबरी रस्ते रिकामे असतात. गावातल्या रस्त्यावर ही फळी चालायचीच नाही. चाकं इवलीशी, चहाच्या बशीपेक्षाही लहान. भाच्यानं मात्र सगळा जामानिमा केला. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना कवच, मनगटांना पुढे कडक पट्टी असलेले हातमोजे, पायांत घट्ट बूट. धाकटा म्हणाला, "दादा, तू लढाईला चाललास का?" दादानं उत्तर दिलं नाही, अंगठा फिरवला, आणि तो गेलाच की!

काय सांगू तुम्हाला! आवाज म्हणाल तर फक्त चाकांची बारीक घरघर. तो उभाच होता, हलत काहीच नव्हतं, आणि तरी झाडं भराभर मागे जात होती. पुढे जाऊन त्यानं वळण घेतलं ते असं, की पाण्यातला बगळा अलगद दिशा बदलतो तसं. मुलं टाळ्या पिटत होती. मलाही, खोटं कशाला सांगू, आत काहीतरी हललं. लहानपणी उताराच्या रस्त्यावर सायकलचं पायडल सोडून दिल्यावर पोटात जो गोळा यायचा, तो कितीतरी वर्षांनी परत आला.

मग मुलीनं आग्रह धरला, "आई, तू एकदा उभी राहा ना!" मी ओढणी काढून तिच्या हातात दिली, तिचे बूट चढवले, भाच्याचं हेल्मेट घातलं. सर्वांत कमी वेग लावून तो माझा हात धरून बाजूनं चालत होता. माणूस झपझप चालतो तेवढाच तो वेग. पण जमीन पायाखालून आपण होऊन सरकते आहे, ही भावना विलक्षण असते हो! घरातल्या बाईला सगळीकडे स्वतःचं वजन स्वतःच वाहावं लागतं. इथे दोन मिनिटं का होईना, मला कुणीतरी वाहून नेत होतं. उतरले तेव्हा गुडघे लटपटत होते आणि मी हसत होते. म्हणून आधीच सांगते, मुलांना वेगाचं वेड का लागतं, हे मला बाहेरून नव्हे, आतून कळलेलं आहे. वेडाला वेड म्हणून झिडकारणारं हे लिखाण नाही.

या खेळाची गोष्टही मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं असत. लाटा नसतील त्या दिवशी करायचं काय, म्हणून १९५०च्या सुमारास त्यांनी फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली आणि रस्त्यालाच समुद्र केलं. आधीची चाकं लोखंडाची, मग भाजलेल्या मातीची. बारीक खडा आला तरी अडकायची. १९७०नंतर पॉलियुरेथेनची चाकं आली आणि खेळ खऱ्या अर्थानं पळू लागला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हलक्या बॅटऱ्या आणि लहान, पण दणकट मोटरी आल्या, तशी ही विजेची फळी घडली. २०१५मध्ये एका खेळाडूनं युरोपातल्या स्लोव्हेनियात धावपट्टीवर अशा फळीवरून ताशी ९५ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. आपली एस.टी. महामार्गावर जेवढी पळते, त्याहून जास्त!

साधा स्केटबोर्ड, म्हणजे बिनमोटरचा, आता ऑलिंपिकमध्येही आहे. टोकियोचं ऑलिंपिक २०२१मध्ये झालं, तेव्हा त्याचा पहिल्यांदा समावेश झाला; रस्त्यावरच्या कसरतींच्या प्रकारात मुलींचं सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशियानं मिळवलं. वय अवघं तेरा! आणि लांब कशाला जायचं? आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनं २०२२मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक पटकावलं. ही माहिती भाच्यानं मुद्दाम सासूबाईंना ऐकवली. कारण आदल्या रात्री माझ्या मुलीनं "मी पण शिकणार" म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या होत्या, "पोरीच्या जातीला कशाला असली थेरं? हातपाय मोडला म्हंजी?"

मी तेव्हा हळूच विचारलं होतं, "आत्या, आणि पोराचा मोडला तर?" त्या गप्प राहिल्या. धाकट्याला मात्र त्यांनी एका शब्दानं अडवलं नव्हतं. आपल्या घरांमधून भीतीचीही अशी वाटणी झालेली असते. मुलगा धडपडला तर शूर, मुलगी धडपडली तर तिच्या लग्नाची काळजी. हाड काही मुलगा-मुलगी पाहून मोडत नाही.

हाडाचा विषय निघालाच आहे, तर त्या सकाळचं पुढचंही सांगते. जानेवारी म्हणजे आमच्या भागात ऊसगाळपाचा हंगाम भरात. जवळच बिजवडीला साखर कारखाना. रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून जातात आणि रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात. भाचा तिसऱ्या फेरीला वेगात येत होता. रस्त्यावर वीतभर उसाचं कांडकं पडलं होतं. मोटारसायकल त्यावरून गेली असती तर बसणाऱ्याला कळलंही नसतं. फळीचं इवलंसं चाक त्याला अडलं, फळी जागच्या जागी थांबली आणि भाचा थांबला नाही. आमच्या डोळ्यांसमोर तो हवेतून पुढे गेला, हातांवर आपटला, घसरत घसरत पाचसहा हात गेला आणि थांबला.

तेवढा वेळ माझ्या काळजाचा ठोका चुकला होता. आम्ही धावलो. तो उठून बसला होता. "काही नाही झालं, मामी," म्हणाला. पण चेहरा पांढराफटक. मनगटाच्या कडक पट्ट्या घासून खरवडल्या होत्या, गुडघ्याचं कवच फुटलं होतं, हेल्मेटवर कानाच्या वर बोटभर लांब चरा पडला होता. मांडीवर खरचटलं तेवढंच. सगळं सामान घरी नेऊन मी ते मुलांसमोर ओळीनं मांडलं आणि म्हटलं, "बघा, ही पट्टी नसती तर इथे दादाचं मनगट असतं. आणि हा चरा कुठे असता, ते तुम्हीच सांगा." दोघंही काही बोलली नाहीत.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर मला हिशेब करून दाखवला, तो तुम्हाला जसाच्या तसा सांगते; कारण माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईलाही तो एका क्षणात पटला. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २५ किलोमीटर वेगानं जाऊन भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण ८ फुटांवरून खाली पडणं. ताशी ४० म्हणजे २० फुटांवरून, आणि ताशी ५० म्हणजे ३२ फुटांवरून. मनात आणून पाहा. आठ फूट म्हणजे घराचा पोटमाळा. वीस फूट म्हणजे दुमजली घराची गच्ची. बत्तीस फूट म्हणजे तिमजली इमारतीची. मूल गच्चीच्या कठड्याजवळ गेलं तरी आपण हाका मारमारून घर डोक्यावर घेतो. आणि तेच मूल चाळीसच्या वेगानं निघालं की दारात उभ्या राहून नुसतं "सावकाश जा हं" म्हणतो!

दुसरा हिशेब अंतराचा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला ११ मीटर. समोर खड्डा दिसला, मनानं तो ओळखला, हातानं ब्रेक दाबला, यात एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात आपण ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट पुढे गेलेले असतो. ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते. ताशी २५ असेल तर हेच अंतर ७ मीटर. मुलाचं लक्ष चांगलं आहे, हात तरबेज आहे, हे सगळं खरं; पण हा एक सेकंद कुणालाच चुकत नाही.

या फळीचे आणखी काही धोके भाच्यानंच प्रामाणिकपणे सांगितले. वेग फार वाढला की फळी डावी-उजवी थरथरू लागते. घाबरून मागे रेललं की थरथर वाढते आणि माणूस फेकला जातो. एकदम वेग दिला तर फळी पुढे पळते आणि आपण मागे पडतो. एकदम ब्रेक दाबला तर फळी थांबते आणि आपण पुढे पडतो. हातातल्या यंत्राचा आणि फळीचा संबंध बिनतारी असतो, तो तुटला की हातात काहीच उरत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना उतारावर जाऊ नये, कारण ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करते. ती साठवायला बॅटरीत जागा नसेल तर काही फळ्यांचा ब्रेक ऐनवेळी दगा देतो. शिवाय आवाज नाही, दिवा नाही, उंची नाही. उंच केबिनमध्ये बसलेल्या ट्रकवाल्याला ती दिसत नाही, आणि रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती ऐकू येत नाही.

आता आपल्या घराकडे वळते. विजेची फळी आपल्या गावागावांत यायला अवकाश असेल. विजेची दुचाकी मात्र केव्हाच आली आहे. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही, गिअर नाही, दिसायला खेळण्यासारखी. म्हणूनच आपण तिला खेळणं समजतो. "लायसन लागत नाही हो ताई, खुशाल द्या पोरीला," असं दुकानदार सांगतो आणि आपण खूश होतो. यातलं खरं किती, ते नीट समजून घ्या.

नियम असा आहे. ज्या गाडीच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि जिला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला आहे, तेवढीच गाडी कायद्यानं मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. त्याहून जोरदार गाडी असेल तर ती पेट्रोलवर चालो की विजेवर, नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं. काही ठिकाणी हळू गाडीचा वेग बांधलेला असतो तो सोडवून देतात. म्हणजे कागदावर पंचवीसची आणि रस्त्यावर पन्नासची! राज्याच्या परिवहन खात्यानं २०२२मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. दुकानात "वेग वाढवून देतो" असं कुणी म्हणालं, तर मैत्रिणींनो, तिथून सरळ बाहेर या.

दुसरी गोष्ट वयाची. मोटार वाहन चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. सोळा वर्षांची सवलत कायद्यात आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीपुरती, आणि आपल्या दारातल्या नेहमीच्या पेट्रोलच्या स्कूटर तिच्या दुपटीहून मोठ्या असतात. १ सप्टेंबर २०१९पासून कायदा कडक झाला आहे. अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या भरधाव मोटारीनं दोन तरुण जीव घेतले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. आपली मोटार तेवढी महाग नसेल, पण "अहो, चांगली चालवतो तो!" हे वाक्य सगळ्या घरांत सारखंच असतं.

तिसरी गोष्ट खास आपल्या खात्यातली, कारण घरात चार्जिंगचं बटण बहुधा आपणच दाबतो. मार्च २०२२मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीनं पेट घेतला आणि धुरानं गुदमरून बाप-लेकीचा जीव गेला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम वाढवले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू केले. तरी घरातली काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. गाडी असो की फळी, चार्जर तिच्यासोबत आलेलाच वापरा. उन्हातून आल्याबरोबर लावू नका, बॅटरी गार होऊ द्या. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग चालू ठेवू नका. दारात, जिन्याखाली, गादी-पडद्यांजवळ लावू नका. बाहेर जायची वाट मोकळी राहिली पाहिजे. बॅटरी फुगली, वास आला, पाण्यात भिजली, तर चार्जिंग बंद आणि थेट जाणकाराकडे. आणि धूर दिसलाच, तर गाडी वाचवायला धावू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, जाता जाता हाताशी असेल तर मेन स्विच बंद करा आणि १०१ला फोन करा.

कपड्यांचंही एक सांगते. ओढणी, पदर, लांब वेणी मागच्या चाकात अडकून झालेले अपघात आपण ऐकलेले असतात. गाडीवर बसताना पदर घट्ट खोवणं आणि ओढणी गुंडाळून बांधणं, ही सवय मुलींना नऊ-दहा वर्षांची असल्यापासूनच लावा. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचं घ्या, हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर ते हेल्मेट नव्हे, टोपी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला; आतला थर दबून गेलेला असतो. भाच्यानं त्याचं टाकून दिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चांगलं हाय की, धान्य मोजाया ठेव!"

एवढं सगळं झाल्यावर माझ्यापुढचा खरा प्रश्न उभाच होता. जूनमध्ये मुलगी अकरावीला इंदापूरला जाणार. तिला विजेची स्कुटी हवी आहे. तिचं म्हणणं चुकीचंही नाही. एस.टी. वेळेवर येईलच असं नाही, हिवाळ्यात परतताना अंधारून येतं, थांब्यावर मुलींना उभं राहणं नकोसं होतं. मला ठाऊक आहे, जाण्यायेण्याची सोय नाही म्हणून किती मुलींचं शिक्षण दहावीशी थांबतं. मुलीच्या हातात गाडी येणं म्हणजे नुसती चैन नसते. तिचं कॉलेज, तिचा क्लास, तिचं स्वतःच्या पायांवर उभं राहणं, सगळं त्या दोन चाकांवर असतं. ते तिला नाकारताना माझी जीभ जड होते.

पण हिशेब पुढ्यात होता. तिला कायद्यानं चालवता येईल अशी गाडी पंचवीसच्या आतली. आणि इंदापूरचा रस्ता म्हणजे चौपदरी महामार्ग. शेजारून ऐंशी-शंभरच्या वेगानं मोटारी, मालाचे ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. त्या रस्त्यावर जोरात जाणं जसं जिवावरचं, तसंच फार हळू जाणंही जिवावरचं. मागून येणाऱ्याला आपण दिसेपर्यंत तो आपल्यावर आलेला असतो.

मग आम्ही चौघंही जेवताना बसून बोललो. हे सुरुवातीला "तुमचं तुम्ही बघा" म्हणत होते. मी त्यांना उठू दिलं नाही. ठरलं ते असं: अठरा पूर्ण होईपर्यंत महामार्गावर गाडी नाही. कॉलेजला पासावर एस.टी.नं जायचं; गावातल्याच आणखी तिघी-चौघी जाणार आहेत, त्यांच्या आयांशी मी बोलले आहे, मुलींनी एकत्र जायचं-यायचं. संध्याकाळी उशीर झाला की थांब्यावर आणायला तिचे बाबा जातील, आणि ते काम त्यांचं, माझं नव्हे. पंचवीसच्या आतली गाडी परवडली तर घेऊ, पण ती गावातल्या कामांपुरती, हेल्मेट घालून. अठरा झाल्यावर परवाना काढून, शिकवणाऱ्याकडून रीतसर शिकून, मग पुढचं. आणि हाच नियम जसाच्या तसा धाकट्याला. तो लगेच म्हणाला, "मला का? मी मुलगा आहे!" तेव्हा सासूबाईंनीच त्याला सुनावलं, "मुलगा हायस, लोखंडाचा न्हाईस!" त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मुलीनं मात्र वडिलांकडे वळून विचारलं, "बाबा, तुम्ही नाक्यावर जाताना हेल्मेट घालता का?" यांनी आमटी वाढून घेतली आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते हेल्मेट घालून जाऊ लागले. मुलं आपलं ऐकोत न ऐकोत, पाहत असतात.

फळी शिकायची का, हाही प्रश्न होता. त्यालाही मी सरळ नकार दिलेला नाही. भाच्यानं साधा, बिनमोटरचा स्केटबोर्ड पाठवायचं कबूल केलं आहे. शाळेच्या बंदिस्त फरशीच्या आवारात, सगळी कवचं घालून, दोघांनी आधी तोल सावरायला आणि पडायला शिकायचं. हो, पडायलाही शिकावं लागतं. हात ताठ पुढे न टेकता अंग गोळा करून बाजूला लोळण घ्यायची असते. मोटर त्यानंतर, मोठं झाल्यावर, स्वतःच्या कमाईनं.

मुलगी खूश आहे असं म्हणणार नाही. दोन दिवस फुगून बसली होती. "तुझ्या वेळी असं असतं तर तू ऐकलं असतंस का?" असंही विचारून झालं. मी म्हटलं, "नसतंच ऐकलं. म्हणून तर हिशेब दाखवून सांगते आहे, नुसतं रागावून नाही." परवा ती मैत्रिणीला फोनवर पोटमाळ्याचा आणि गच्चीचा हिशेब समजावून सांगत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि भाकरी उलटायची राहून गेली.

तुमच्याही घरी हा विषय आज ना उद्या निघणारच. निघेल तेव्हा आधी गाडीचा वेग, मोटर, कागद आणि रस्ता कोणता ते विचारा. मुलगा की मुलगी, हे विचारू नका. नवऱ्याला त्या बैठकीत बसवा. आणि तुमच्या घरी काय ठरलं, तेही दोन ओळींत जरूर कळवा. आमच्या गावातल्या बायकांना मी ते वाचून दाखवीन.